भावाच्या गोळ्या, ग्रुप मीटिंग आणि घरच्यांचं काम

पत्र थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा २७ वर्षांचा धाकटा भाऊ परराज्यात गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) दुकानात कामाला होता. भट्टीपुढं बसून पाठ धरायची, म्हणून सोबतच्या कुणीतरी ट्रॅमाडॉल या अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल दिल्या. दोन वर्षांत तो दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या दहा-बारा कॅप्सूलवर गेला. एकदा फिट आली तेव्हा घरी कळलं. एका व्यसनमुक्ती केंद्रात २१ दिवस ठेवलं, पण घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. आता सांगलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी जिभेखाली ठेवायची रोजची गोळी, आठवड्याला ग्रुप मीटिंग आणि घरच्यांसाठी वेगळी बैठक असं सुचवलंय. वडील म्हणतात, एक गोळी सोडवायला दुसरी कशाला, सहा महिने कडक केंद्रात टाका. आई चोरून पैसे देते. भावाची बायको दोन वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली आहे. वाचक विचारतात: "चारचौघांत बसून बोलल्यानं नशा सुटते का? गावात बोभाटा झाला तर? आणि आजारी तो, मग बैठकीला आम्ही कशाला?"

दादा, नमस्कार.

"२१ दिवस ठेवला तरी सुधारला नाही," असं तुम्ही लिहिलंय. त्या २१ दिवसांत काय झालं असेल ते आधी पाहू. कॅप्सूल बंद केल्यावर साधारण अर्ध्या ते एका दिवसात नाक-डोळे गळणं, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांची तडफड सुरू होते. ट्रॅमाडॉलमध्ये याच्या जोडीला घबराटही असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. केंद्रानं एवढा टप्पा पार करून दिला. पण झोप न लागणं, कशातच गोडी न वाटणं, अंगात त्राण नसणं आणि अवचित येणारी तलफ हे पुढं कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्महिने राहतं. तुमचा भाऊ नेमका याच काळात घरी होता. औषध नव्हतं, कुणी बोलायला नव्हतं, पाठ तशीच दुखत होती आणि वडील रोज "सोडलीस ना नक्की?" विचारत होते. पाचव्या आठवड्यात तो घसरला याचं वाईट वाटतं, पण आश्चर्य वाटत नाही. उपचार फसला असं मी म्हणणार नाही, तो अर्ध्यातच थांबला होता.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. महिनाभर गोळ्या बंद राहिल्या की शरीराची सहनशक्ती उतरते. मग माणूस जुन्याच हिशेबानं दहा कॅप्सूल घेतो, आणि ज्या मात्रेवर तो पूर्वी हिंडत-फिरत होता तीच जिवावर बेतते. केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे असतात. त्यात ट्रॅमाडॉलची दिवसाची कमाल मात्राच ४०० मिलिग्रॅम आहे. तुमचा भाऊ ५०० ते ६०० घेत होता, फिट त्यातूनच आली असण्याची शक्यता दाट आहे. ही फिट डॉक्टरांच्या कानावर घातली नसेल तर आजच घाला, कारण नैराश्याची काही औषधं ट्रॅमाडॉलसोबत गेली तर फिटचा धोका वाढतो.

आता वडिलांचा प्रश्न. ते चिडून विचारतात, पण प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनी सुचवलेली गोळी बहुधा ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन एकत्र असलेली असावी. ब्युप्रेनॉर्फिन हासुद्धा अफूच्याच जातकुळीतला पदार्थ आहे, हे लपवायचं कारण नाही. पण तो मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसतो, जास्त वेळ टिकतो आणि एका मर्यादेपलीकडे त्याची झिंग वाढत नाही. तलफ थांबते, अंग मोडून येत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. नॅलॉक्सोन घातलेलं असतं ते कुणी गोळी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून. जिभेखाली ठेवल्यावर ते जवळपास काही करत नाही. व्यसन म्हणजे तलफेच्या मागं फरपटत जाणं, मात्रा वाढवत नेणं, त्यापायी काम, पैसा, नाती घालवणं. ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली रोज एक औषध घेणं यात त्यातलं काहीच नाही. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात अशा औषधावर टिकलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतं, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. वडिलांना हे तुम्ही समजावू नका. डॉक्टरांसमोर बसवा आणि त्यांनाच विचारू द्या.

गोळी कशी घ्यायची यात मात्र पुष्कळ चुका होतात. पहिली मात्रा विड्रॉवलची, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची, लक्षणं स्पष्ट दिसू लागल्यावरच द्यायची असते, म्हणजे शेवटच्या कॅप्सूलनंतर निदान बारा तासांनी. भावानं सकाळी कॅप्सूल घेऊन डॉक्टरांना "काल रात्री घेतली" असं सांगितलं, तर पहिल्याच गोळीनं एकदम जोराचा विड्रॉवल सुरू होतो आणि "हे औषध मला सोसत नाही" म्हणून तो कायमचा पाठ फिरवतो. हे फार वेळा घडतं. तेव्हा त्या दिवशी रागवायचं नाही एवढं आधीच कबूल करा, म्हणजे तो खरी वेळ सांगेल. गोळी गिळायची नाही, चघळायची नाही. तोंडात तंबाखू-चुना किंवा गुटखा असेल तर थुंकून चूळ भरायची, मग ओल्या तोंडानं गोळी जिभेखाली ठेवायची. विरघळायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बोलणं नाही, चहा नाही. विरघळल्यावर पाण्याचा घोट तोंडात खळबळून गिळायचा आणि ब्रश मात्र तासाभरानंतर, नाहीतर दात खराब होतात. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत हे औषध श्वास मंदावतं, त्यामुळं त्या बंदच. उरलेल्या गोळ्या कुलपात. पुतणी घरी आली तर तिच्या हाती एक गोळी लागणंही जीवघेणं ठरू शकतं.

किती दिवस घ्यायची? वर्षभर तरी धरून चाला, अनेकांना त्याहून जास्त लागतं. कमी करायची तेव्हा डॉक्टर हळूहळू करतात. दोन महिन्यांत चेहरा उजळला म्हणून घरच्यांनीच बंद करवली, हे परत घसरण्याचं ठरलेलं कारण आहे. (नॅलट्रेक्सोन नावाचं दुसरं औषधही आहे. त्यात अफूजन्य काही नसतं, पण ते सुरू करण्याआधी सात ते दहा दिवस शरीर अफूजन्य पदार्थांपासून पूर्ण मोकळं लागतं, आणि घेणं थांबवलं की तिथंही धोका उतरलेल्या सहनशक्तीचाच. तुमच्या भावाची आजची स्थिती पाहता डॉक्टरांनी पहिला रस्ता निवडला तो मला समजण्यासारखा वाटतो.)

पाठीचंही बघा. दुखण्यातून हे सुरू झालं आणि त्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे. फिजिओथेरपी, बसण्याची पद्धत, साध्या वेदनाशामकांची योजना हे सगळं आता करायला हवं. यापुढं दातवाल्या डॉक्टरांपासून अपघात विभागापर्यंत कुठंही गेलात तरी पहिलं वाक्य हे: "याला ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध चालत नाही, आणि सध्या ब्युप्रेनॉर्फिन सुरू आहे."

आता गटाबद्दल. चारचौघांत बोलल्यानं नशा सुटते का, याचं सरळ उत्तर: या व्यसनात नुसत्या बोलण्यावर भिस्त ठेवू नये. तलफ आणि विड्रॉवल सांभाळायचं काम औषधाचं आहे. पण औषध सुरू झाल्यावर हाती जो रिकामा वेळ येतो, जी लाज येते, जुन्या सोबत्यांचे जे फोन येतात, त्याला गोळी पुरत नाही. गट उपयोगी पडतो तो तिथं.

चांगल्या गटात आठ ते बारा जण असतात, तास-दीड तास बैठक चालते आणि चालवणारा प्रशिक्षित समुपदेशक असतो. सुरुवातीला नियम वाचले जातात: इथलं इथंच राहील, नशा करून यायचं नाही, एकानं बोलताना दुसऱ्यानं तोडायचं नाही, उपदेश करायचा नाही, आपापसात पैसे उसने द्यायचे नाहीत. मग प्रत्येक जण आपला आठवडा सांगतो. तलफ कधी आली, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, खिशात किती पैसे होते, आणि तो क्षण कसा निभावला. कुणी सांगतो, पगार झाला की पाय आपोआप त्या मेडिकलकडे वळतात, म्हणून मी आता पगाराच्या दिवशी बायकोला बरोबर नेतो. अशी युक्ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत नाही. दुसरं असं, की तुमच्या भावानं दोन वर्षं खोटं बोलण्यात घालवली आहेत. ज्यांना ते खोटं लगेच ओळखू येतं आणि तरीही जे तुच्छतेनं बघत नाहीत, अशा माणसांत बसून त्याला खरं बोलायची सवय पुन्हा लागू शकते. घरात ते इतक्यात जमणार नाही, कारण घरात प्रत्येक खऱ्या वाक्यामागून एक भांडण येतं.

पहिल्या बैठकीत त्यानं एक शब्द नाही बोलला तरी चालेल. नाव सांगून नुसतं ऐकत बसणं हाही गटात बसण्याचाच भाग आहे. एका बैठकीवरून मत बनवू देऊ नका, निदान चार ते सहा बैठका होऊ द्या.

गट बिघडतातही, आणि ते ओळखता आलं पाहिजे. नशेच्या गमतीजमती, कुठं काय मिळतं, कुठल्या मात्रेला कशी किक बसते, अशी चर्चा रंगत असेल आणि चालवणारा थांबवत नसेल, तर तिथून बाहेर पडलेलं बरं. अशा बैठकीतून माणूस तलफ घेऊनच बाहेर येतो. बैठक संपल्यावर बाहेर टपरीवर नवे "सप्लायर" ओळखीचे होणं हाही खरा धोका आहे. पहिले दोन-तीन महिने कुणीतरी सोबत न्यावं-आणावं, ते यासाठी. आणि एखाद्या गटात "तू गोळी घेतोस म्हणजे अजून सुटलाच नाहीस" असं ऐकवत असतील, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगा. गटाच्या दबावाखाली औषध सोडून घसरलेली माणसं जीव गमावतात. औषधाला मान देणारा गट शोधा.

बोभाट्याची भीती मी हलकी मानत नाही. गलाईची माणसं एकमेकांना देशभर ओळखतात, आणि गावात यात्रेच्या दिवसांत सगळी भावकी एकत्र असते. त्यावर उपाय साधा आहे: गावाजवळचा गट नको. सांगली-मिरजेत जा, किंवा साताऱ्याच्या परिवर्तन या व्यसनमुक्ती संस्थेत चौकशी करा. तुमच्या तालुक्यातल्या विट्याहून जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणून डॉक्टरांची भेट, लघवीची तपासणी आणि ग्रुप एकाच दिवशी मागून घ्या. खर्च पेलत नसेल तर सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मानसोपचार विभागात विचारा. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार बंधनकारक आहे. पोलिसांची धास्ती असेल, तर तेही सांगते. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आलं, हे खरं. पण त्याच कायद्याच्या ६४अ कलमात, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचा नाही.

"आजारी तो, मग आम्ही कशाला?" या तुमच्या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे.

तुमच्या घरात आज तीन माणसं तीन दिशांना ओढताहेत. वडील टोमणे मारतात, आई पैसे देते, तुम्ही खिसे तपासता. तिघांचंही प्रेम आहे, पण भावाला शिकायला मिळतं ते एवढंच, की वडिलांपासून पळायचं, आईला गाठायचं आणि तुमच्यापासून लपवायचं. घरच्यांची बैठक असते ती तिघांचं एक ठरावं म्हणून. त्यात कुणाचा दोष काढत नाहीत. हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, आणि तुम्ही नुसत्या पहाऱ्यानं ते सोडवूही शकणार नाही. पण घरचं वागणं बदललं की फरक पडतो, हे नीट अभ्यासलं गेलंय. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्यांना शिकवण्याची "क्राफ्ट" ही पद्धत विकसित केली. तिच्या अभ्यासांत, उपचाराला साफ नकार देणाऱ्या माणसांपैकी साधारण दोन-तृतीयांश माणसं घरच्यांनी वागणं बदलल्यावर उपचाराला आली. तिचं सूत्र घरात वापरता येतं: नशा न केलेल्या वेळी जवळ या, नशा केलेल्या वेळी भांडण न करता बाजूला व्हा, आणि नशेचे परिणाम त्याच्या वतीनं निस्तरू नका.

म्हणजे प्रत्यक्षात काय? तो शुद्धीत, वेळेवर जेवायला आला तर त्याच्याबरोबर बसून जेवा, क्रिकेटचं बोला, शेतावर न्या. त्या वेळी उपदेश नको. तो तारवटलेला दिसला तर "आत्ता बोलत नाही, सकाळी बोलू" एवढं म्हणून उठा. दुकानमालकाला "त्याला ताप आहे" असं खोटं सांगायचं नाही. उधारी फेडायची नाही. बोलायचं असेल तेव्हा सकाळी, गोळी घेऊन झाल्यावर तासाभरानं. "तू सगळ्यांचं वाटोळं केलंस" याऐवजी "काल रात्री तू आला नाहीस, मला झोप लागली नाही, आज किती वाजता येशील?" असं. आधी कृत्रिम वाटेल. महिन्याभरात जिभेला वळण पडतं.

आईंना दटावून उपयोग नाही. त्या पैसे देतात कारण त्यांना विड्रॉवलची तडफड बघवत नाही. औषध सुरू झालं की ती तडफडच राहणार नाही, हे त्यांना आधी डॉक्टरांकडून ऐकू द्या. मग ठरवा: रोख कुणीच द्यायची नाही, लागेल ती वस्तू आणून द्यायची, एसटीचं तिकीट काढून द्यायचं. त्याच्या फोनवरच्या यूपीआयला रोजची छोटी मर्यादा, आणि कर्ज देणारी ॲप त्याच्या संमतीनं काढून टाकायची. "त्याच्या संमतीनं" हे महत्त्वाचं, कारण चोरून केलेली प्रत्येक गोष्ट त्याला चोरून वागायला कारण देते. रोजची गोळी एकाच माणसाच्या हातून द्यायची. तो माणूस वडील नकोत, तुम्ही किंवा आई. त्या दहा मिनिटांत कुठलाही जुना हिशेब काढायचा नाही. खिसे तपासणं बंद करा. ते काम क्लिनिकमधल्या लघवीच्या तपासणीवर सोडा, म्हणजे तुम्ही परत भाऊ व्हाल.

घसरण झाली तर काय करायचं, हे आत्ता, सगळं बरं असताना कागदावर लिहा. त्यानं एखाद दिवशी कॅप्सूल घेतली तर २४ तासांच्या आत सांगायचं, घरच्यांनी त्या दिवशी ओरडायचं नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन आणि पुढच्या ग्रुपला न चुकता हजेरी. एकदा घेतली म्हणजे सगळं गेलं, असं मानलं की माणूस चार दिवस घेतच राहतो. याच कागदावर धोक्याची खूण लिहा: हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास फार संथ किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. असं दिसलं तर १०८ ला फोन, कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. "झोपलाय, झोपू दे" म्हणण्यात जीव गेलेले आहेत.

कडक केंद्राचा विचार माझ्या मते आत्ता सोडून द्या. सहा महिने कोंडून बाहेर आलेल्या माणसाची सहनशक्ती शून्यावर असते आणि बाहेरचं जग तेच असतं. पुढंमागं भरती करावीच लागली तर केंद्राची नोंदणी, रोज येणारा मानसोपचारतज्ज्ञ, विड्रॉवलची औषधं, नातेवाइकांना भेटू देतात का आणि बाहेर पडल्यावरचा फॉलोअप एवढं विचारा. माणसाच्या इच्छेविरुद्धच्या भरतीला २०१७ च्या कायद्यानं निकष घातलेत, पहिली मुदत ३० दिवसांचीच आहे, आणि साखळीनं बांधणं बेकायदा आहे. "आम्ही सरळ करून देतो" म्हणणाऱ्या ठिकाणी पाऊलही टाकू नका. गलाईच्या दुकानात परत पाठवण्याची घाईही वर्षभर नको. तिथं तेच सोबती आहेत आणि तीच पाठ.

राहिला वहिनींचा प्रश्न. "मुलीकडं बघून सुधारेल, तिला परत आणू" असं आई म्हणतात, पण बायको-मुलीला औषधासारखं वापरू नका. त्यांना फोन करून काय उपचार सुरू आहे ते खरं सांगा आणि परत येण्याविषयी एक शब्दही काढू नका. त्यांच्यासाठी वेगळी मदत असते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे १९८६ पासून सुरू आहे, व्यसनी माणसांच्या बायकांचा "सहचरी" हा गट चालतो, तुमच्या डॉक्टरांकडेही घरच्यांच्या बैठकीत त्यांना स्वतंत्र वेळ मागता येईल. त्यांच्या अटी काय आहेत ते त्यांनाच ठरवू द्या: इतके महिने ग्रुपला हजेरी, पैशांचा व्यवहार कुणाकडं, घरात हात उगारला गेला तर काय. त्या माहेरच्या माणसासोबत एखाद्या बैठकीला यायला तयार झाल्या, तर भेट तिथंच, समुपदेशकासमोर होऊ द्या. मुलीला भेटायची त्याची पहिली वेळ तासाभराची, दिवसाउजेडी आणि वहिनी सांगतील त्या ठिकाणी ठेवा.